बेस गिटार, मुक्काम पोस्ट जऊळका

जऊळक्याच्या पंचशील गायन पार्टीत एकूण अकरा माणसं होती आणि त्यांपैकी दहा गात होती. अकरावा देवमन खिल्लारे. तो फक्त तोंड हलवत असे.

ही व्यवस्था त्याच्या नवव्या वर्षी ठरली होती. जयंतीच्या तालमीत त्याने मोठ्या हौसेने पहिली ओळ उचलली, तेव्हा त्याची चुलती चंपाबाई, जिला तो मोठीमाय म्हणत असे, हातातले टाळ थांबवून म्हणाली होती, "अबे देवमन, तू नुसतं तोंड हालव. आवाज नोको काढू. दिसाले बेस दिसते."

बेस म्हणजे छान. आमच्या भागात छान या शब्दाला फारसं काम नाही. ते सगळं बेसच करतो.

तर देवमन सोळा वर्षं तोंड हलवत राहिला. मधल्या काळात तो मॅट्रिक झाला, अकोल्याला राहून भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला (दुसरा वर्ग, पहिला तीन गुणांनी हुकला, आणि ते तीन कोणत्या प्रश्नात गेले हे तो आजही सांगू शकतो), शिरपूर जैनच्या हायस्कुलात विज्ञान शिक्षक झाला. वर्गात तो शिरला की चाळीस पोरं उभी राहत. पण दर चौदा एप्रिलला तो पहिल्या रांगेत तिसरा उभा राहून निष्ठेने तोंड हलवी. या कलेत तो इतका तरबेज झाला होता, की पाहुण्या गावचे लोक म्हणत, "तो तिसरा पोरगा लय जीव तोडून गाते बाप्पा."

सन चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत भुसावळहून गिटार आली.

ती मागवली पार्टीचे प्रमुख पंजाबराव तायडे यांनी. पंजाबराव रेल्वेत पॉइंट्समन होते आणि पार्टीत बेंजो वाजवत. आदल्या वर्षी कारंज्याच्या पार्टीने गिटार आणली आणि गिटारवाल्याला डोक्यावर टोपी घालून पुढे बसवलं, तेव्हापासून पंजाबरावांना अन्न गोड लागत नव्हतं. देवमनचा चुलतभाऊ भिवाजी भुसावळच्या लोको शेडमध्ये होता. तिथला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर सगळं विकून ऑस्ट्रेलियाला निघाला होता. त्याची गिटार भिवाजीने घेतली आणि गार्डाच्या डब्यात चढवून दिली.

फलाटावरच पेटी उघडली गेली. आत लांबलचक मानेची, लाल रंगाची, अंगाने भरीव गिटार होती. पेटीच्या झाकणावर आतून पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती: ई, ए, डी, जी.

"साहेबाचं नाव दिसते," पंजाबराव म्हणाले. मग त्यांनी तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "चारच हायेत! कारंज्याच्या गिटारले सहा हायेत. म्या सोता मोजल्या."

देवमनने भिवाजीची चिठ्ठी वाचून दाखवली: 'साहेब म्हणे बेस गिटार आहे. सांभाळून उतरवा.'

"बेस हाय ना? मंग बेस असती तं दोन तारा कमी राह्यल्या असत्या काय?"

"पंजाबदादा, हे बेस म्हणजे आपलं बेस नाही. इंग्रजी बेस आहे."

"म्हंजे त्यायचं बेस अलग हाय?"

"हो."

"म्हंजे खराब हाय."

"खराब नाही! बेसच आहे. पण त्या अर्थाने बेस नाही."

सिग्नल पडलेला नसताना सुटणाऱ्या गाडीकडे पाहावं, तसं पंजाबरावांनी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर देवमनलाही तोवर हा शब्द दोनच अर्थांनी नीट ठाऊक होता. एक मोठीमायचा, आणि दुसरा रसायनशास्त्रातला, जो तांबड्या लिटमसला निळा करतो. तिसरा अर्थ त्याने अकोल्याच्या वसतिगृहातल्या रेडिओच्या एका बटणावर वाचला होता. ते बटण फिरवलं की निवेदकाला पडसं होई. तेवढ्या ज्ञानावर तो बोलत होता. पण त्याने सर्वात जाड तार ओढून पाहिली आणि काहीच ऐकू आलं नाही म्हणून हनुवटी गिटारीच्या लाकडाला टेकवली, तेव्हा त्याच्या जबड्यातून, दातांतून, मग छातीतून एक जाड, संथ घुमारा उतरला. देवमन तसाच वाकून राहिला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. नवव्या वर्षी त्याने जो काढला होता आणि मोठीमायने जो परत आत ढकलला होता, तो हाच.

तेवढ्यात गावचे सुतार उकंडराव गर्दीतून पुढे आले. त्यांनी गिटारीचं डोकं बोटांनी चाचपलं, कानामागची पेन्सिल काढली आणि तिथे दोन ठिपके मारले.

"इथं अन् इथं भोक पाडतो. दोन खुंट्या बसवल्या की झाल्या सहा. माह्यापाशी गिरमिट हाय."

"हात लावायचा नाही!" देवमन ओरडला. गावात त्याला ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. एक कुत्रं उठून दूर जाऊन बसलं. "ही चारच तारांची असते. मी जयंतीला वाजवून दाखवतो."

"तू?" पंजाबराव म्हणाले. त्यात हेटाळणी नव्हती, निखळ काळजी होती. "कोणापाशी शिकशीन?"

"पुस्तकातून."

यावर फलाट जो हसला, त्याची कंपनसंख्या देवमनने मोजली नाही. ठरलं मात्र असं: जयंतीला त्रेपन्न दिवस आहेत. वाजली तर वाजली. नाही वाजली तर पंधरा एप्रिलला सकाळी उकंडराव आणि त्यांचं गिरमिट.

त्या संध्याकाळपासून गावाने देवमनला मदत करायला सुरुवात केली. स्टेशनमास्तरांनी सांगितलं की कोणतंही वाद्य शिकण्याआधी सहा वर्षं तबला शिकावा. किराणा दुकानदाराने तारांना भुईमुगाचं तेल चोळायला सांगितलं. एकाने सांगितलं, गिटार उशाशी घेऊन झोप, तिला माणसाची सवय होते. देवमनने प्रत्येक सल्ल्यामागचं कारण विचारलं, आणि त्यामुळे तो शिष्ट आहे हेही गावाला कळलं.

पहिल्या रविवारी तो वाशीमच्या एका वाचनालयात गेला.

"बेस गिटारवर पुस्तक आहे का?"

ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. "गिटारवर बेस पुस्तक?"

"नाही, बेस गिटारवर पुस्तक."

"म्हणजे पुस्तक कसंही चालेल?"

"पुस्तक चांगलंच पाहिजे हो!"

"मग तेच तर विचारून राह्यलो मी." ग्रंथपालांनी सुस्कारा सोडला. "आमच्याकडं सगळी पुस्तकं बेस आहेत. फाटली असतील, पण बेस आहेत."

संगीत हा विषय तिथे 'आरोग्य व करमणूक' या कपाटात होता. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते मालेगावला लग्नाला गेले होते. पुढच्या रविवारी ते आले होते, पण किल्ली मालेगावला राहिली होती. तिसऱ्या रविवारी कपाट उघडलं. आत दोरीवरच्या उड्यांचे फायदे सांगणारं एक पुस्तक होतं, मूळव्याधीवर एक होतं, आणि एक घरबसल्या हार्मोनियम शिकवणारं होतं. देवमनने तिसरं घेतलं. त्याची सतरा ते बत्तीस ही पानं कोणीतरी घरी बसवली होती. उरलेल्या पानांवर दर दोन पानांआड एक चौकट होती: 'येथून पुढील भाग योग्य गुरूच्या मुखातून शिकावा.'

तरीही देवमनने ते दोनदा वाचलं. एका सप्तकात बारा स्वर असतात, सा पासून प पर्यंत सात घरं मोजावीत, गाणाऱ्याची पट्टी आधी विचारून घ्यावी, एवढं त्याला कळलं. पट्टी या शब्दापाशी तो जरा थबकला, कारण त्याच्या हातात त्या वेळी तीस सेंटिमीटरची होती.

मुख्य इलाज त्याने आधीच सुरू केला होता. नागपूरच्या एका पुस्तकाच्या दुकानाला त्याने इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. पत्र नमुनेदार होतं. वर हुद्दा, पत्ता आणि विषय: 'बेसवरील पुस्तके, थिअरीसह.' मग मजकूर तीन ओळींचा, कारण शास्त्राचा माणूस शब्द वाया घालवत नाही. खाली सही. सही त्याने हल्लीच पल्लेदार केली होती, त्यामुळे ती वाचता येत नव्हती. आणि गैरसमज राहू नये म्हणून सहीच्या बरोबर खाली, ठळक अक्षरांत, 'बेस गिटार'.

एकवीस मार्चला व्ही. पी. आली.

पोस्टमास्तर अमरावतीकडचे होते, नेमस्त होते आणि नियमांवर त्यांचं प्रेम होतं. त्यांनी पार्सल दोन्ही हातांनी धरलं होतं, पण पुढे केलं नव्हतं.

"हे तुमचं नाही."

"माझंच आहे. नागपूरचं आहे ना? पुस्तक आहे."

"पत्ता वाचा. श्री. बेस गिटार, विज्ञान शिक्षक, मुक्काम पोस्ट जऊळका. तुम्ही कोण?"

"देवमन खिल्लारे. मला तुम्ही रोज पाहता!"

"रोज पाहतो म्हणूनच सांगतो. तुम्ही खिल्लारे आहात. हे गिटार नावाच्या गृहस्थांचं आहे."

"गृहस्थ नाही हो, वाद्य आहे ते!"

"वाद्याला श्री. लावत नाहीत," पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले. "सात दिवस ठेवतो. तोवर हे गृहस्थ आले नाहीत तर परत. नाहीतर तुम्हीच ते आहात असा सरपंचांचा दाखला आणा."

सरपंच उदयसिंग राठोड चांगला माणूस होता. दाखला द्यायला त्याने आजवर कोणाला नाही म्हटलं नव्हतं; हयातीचा दाखला त्याने एकदा चुकून बैलालाही दिला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'दाखला देण्यात येतो की, देवमन खिल्लारे हे बेस गिटार आहेत. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. वागणूक चांगली.' खाली गोल शिक्का.

पोस्टमास्तरांनी तो दाखला उजेडाकडे धरून वाचला आणि परत केला. "यावरून तुम्ही वाद्य आहात असं सिद्ध होतं. व्यक्ती एकच, नावं दोन, असं पाहिजे. उर्फ पाहिजे."

तेव्हा दुसरा दाखला: 'देवमन उर्फ बेस गिटार.' दोन साक्षीदारांच्या सह्या लागल्या. एक पंजाबराव, ज्यांनी सही करताना विचारलं, "मास्तर, हे नाव कायमचं ठेवाचं हाय काय?" दुसरे उकंडराव, ज्यांनी काही विचारलं नाही, फक्त पेन्सिल परत कानामागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी शिरपूरला देवमन आठवीच्या वर्गात शिरला तर फळ्यावर सुंदर अक्षरांत लिहिलं होतं: 'विषय शिक्षक: श्री. बेस गिटार.' त्याने ते पुसलं नाही. पाठ फिरवून अर्धा तास उष्णतेचं वहन शिकवलं, आणि त्या दिवशी उष्णतेचं वहन मुख्यतः त्याच्या कानांकडे होत होतं.

पार्सल चंपाबाईच्या ओट्यावर उघडलं. पार्टीचे दहाही जण हजर होते. आतून जाडजूड, चिकण्या कागदाचं, रंगीत चित्रांचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर एक गोरा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत होता. त्याच्या हातात गिटार नव्हती. मासा होता.



"हा कोन हाय?" चंपाबाईने विचारलं.

देवमनने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुस्तक मिटलं. "बास," तो म्हणाला.

"बास कायले? आता तं उघडलं!"

"माशाचं नाव आहे मोठीमाय. बास. इंग्रजीत स्पेलिंग तेच आहे. अमेरिकेच्या तळ्यांत सापडतो. दुकानदाराला वाटलं बेस गिटार नावाच्या माणसाला मासे धरायचे आहेत. थिअरीसह."

पंजाबराव पानं उलटत होते. "चारशे बारा पानं हायेत बाप्पा. अन् आपल्या नाल्यात चिंगूळ बी नाई." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "मास्तर, मनाले लावून घेऊ नोको. दोन तारा टाकून घेऊ. तू आपला तोंड हालवत जा. दिसाले बेस दिसते."

देवमनने पुस्तक उचललं आणि तो घरी गेला. मनाला लावून घेऊ नको असं कोणी म्हटलं की लागायचं राहिलेलं तेवढंही लागतं. त्याने त्या आठवड्यात ते माशाचं पुस्तक पूर्ण वाचलं, कारण पुस्तक अर्धवट टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बास पहाटे आणि ढगाळ हवेत गळाला लागतो, हे त्याला आता जिल्ह्यात सर्वांत चांगलं ठाऊक होतं. गिटारविषयी त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं. बारा दिवस उरले होते.

दोन एप्रिलला हायस्कुलात जडवस्तू नोंदवहीची तपासणी होती. देवमन प्रयोगशाळेच्या कपाटासमोर बसून एकेक वस्तू काढत होता आणि मोठ्याने वाचत होता. भिंगे, बहिर्वक्र, चार. पैकी फुटकी दोन. सोनोमीटर, एक. नादकाटे, संच, आठ नग. नादकाटा म्हणजे तो पोलादी दुबेळका चिमटा, जो रबरावर आपटला की ठरलेला एकच सूर काढतो. त्याने ते ओळीत मांडले. प्रत्येकाच्या दांड्यावर कंपनसंख्या कोरलेली होती आणि तिच्याखाली एक इंग्रजी अक्षर. सी, २५६. डी, २८८. ई, ३२०.

देवमनचा हात थांबला.

एफ. जी. ए. बी. आणि पुन्हा सी.

ई, ए, डी, जी! भुसावळला ईएडीजी नावाचा साहेब कधी नव्हताच. ती तारांची नावं होती. चार अक्षरं, चार तारा! जे शोधत तो तीन वेळा वाशीमला गेला, ज्याच्यासाठी त्याने सरकारदरबारी स्वतःला गिटार जाहीर करून घेतलं, ते त्याच्याच कपाटात, त्याच्याच सहीने, गेली दोन वर्षं 'सुस्थितीत' म्हणून नोंदलेलं होतं.

"सर, नादकाटे आठच ना?" तपासणीला आलेल्या कारकुनाने विचारलं.

"आठ!" देवमन म्हणाला आणि त्याने कारकुनाला मिठी मारली. कारकुनाने घाईघाईने शेरा लिहिला: 'समाधानकारक.'

पुढचे दिवस देवमन जमिनीवर नव्हता. शाळा सुटली की तो गिटार घेऊन प्रयोगशाळेत बसे. नादकाटा आपटायचा, टेबलावर टेकवायचा, तार त्याच्या दोन किंवा तीन सप्तकं खाली आणायची. चाळीस, त्रेपन्न, बहात्तर, शहाण्णव: कागदावर त्याने चारही कंपनसंख्या मांडल्या. मग पट्टी घेतली (लाकडी, मीटरची) आणि तार मोजली. शहाऐंशी सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर. गिटारीच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या होत्या, त्यांतली बारावी मोजली. त्रेचाळीस सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. बरोबर अर्धी! तार अर्धी, कंपनं दुप्पट, सप्तक पुरं. आणि मधे घरं किती, तर बारा, जेवढी त्या हार्मोनियमच्या फाटक्या पुस्तकात सांगितली होती तेवढीच. देवमन टेबलावर चढून उभा राहिला. का चढला हे त्याला सांगता आलं नसतं. खाली उतरून त्याने सोनोमीटरचं तारेच्या कंपनांचं सूत्र, हार्मोनियमचं पान सोळा आणि ईएडीजी साहेब शेजारी शेजारी ठेवले. संगीतशास्त्रावर जगात याहून चांगलं ग्रंथालय त्या क्षणी नव्हतं.

पंजाबराव काळी दोन या पट्टीत गात. देवमनने तो सा शोधला. तिथून सात घरं मोजून प शोधला. सा आणि प, प आणि सा. पार्टीच्या चौदा गाण्यांपैकी अकरा गाणी या दोन सुरांवर उभी राहत होती. उरलेल्या तिन्हींसाठी मध्यम लागत होता, तोही सापडला.

दहा तारखेला तो मोहनसिंगकडे गेला. मोहनसिंग तांड्यावरचा, आसपासच्या सगळ्या लग्नांना, सभांना, जयंत्यांना माइक आणि भोंगे त्याचेच. गिटारीची वायर त्याने मशीनला जोडली. देवमनने तार ओढली. भोंग्यातून एक बारीक 'टुक' निघालं, कोंबडीने दाणा टिपावा तसं.

"मास्तर, ह्या भोंग्यातून मंत्र्याचं भाषण निघालं, सनई निघाली, बाजारात हरवलेल्या बकरीची पुकार निघाली," मोहनसिंग दुखावून म्हणाला. "मशीन बेस हाय. तुमची गिटार मुकी हाय."

"भोंग्याचं तोंड लहान आहे. एवढा जाड आवाज त्यातून येतच नाही. मोठा कागदी पडद्याचा स्पीकर नाही का?"

मोहनसिंगकडे होता. एक तंबूतला सिनेमा बुडाला तेव्हा त्याने घेतलेला, परातीएवढा, उघडा. पण तो पेटीशिवाय घुमेना. देवमनला सोनोमीटर आठवला: तार पोकळ पेटीवर असते म्हणून तर ऐकू येते. आता एवढी मोठी पोकळ पेटी जऊळक्यात एकच होती. चंपाबाईची ज्वारीची कोठी.

"कोठी?" चंपाबाई म्हणाली. "अन् ज्वारी कुठी ठिवू? तुया माशाच्या पुस्तकात?"

"चारच दिवस, मोठीमाय. पोत्यांत भरून देतो."

"काहून पण? अकरा जन हायेत पार्टीत. तू नाई वाजवलं तं कोनाचं अडते?"

देवमनकडे कारणं तयार होती. अनुनाद, पोकळीचं आकारमान, सगळं. पण तोंडातून ते निघालं नाही. "मोठीमाय," तो म्हणाला, "मले एकदा आवाज काढाचा हाय."

चंपाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "मंग काढ ना. तुले कोनं मनाई केली?"

तिला आठवत नव्हतं. देवमनने सांगितलं नाही. थोड्या वेळाने ती उठली, पदर खोचला आणि कोठीच्या तोंडाला हात घालून म्हणाली, "पोते आन. उभा काय राह्यला?"

चौदा एप्रिलला दिवस मावळायच्या सुमारास दोन बैलगाड्या जोडून केलेल्या मंचावर पार्टी बसली. मंचाच्या कडेला पत्र्याची कोठी, तिच्या तोंडावर बसवलेला स्पीकर, आत चंपाबाईच्या दोन गोधड्या, पत्रा खडखडू नये म्हणून. समोर लोकांच्या पहिल्या रांगेत उकंडराव. त्यांनी गिरमिट बरोबर आणलं होतं. सकाळी पुन्हा घरी जायला नको म्हणून.

बेंजोने गाणं उचललं. ढोलकी आली. पंजाबरावांनी पहिली ओळ घेतली आणि समेवर देवमनने सा सोडला.

मंडपातले सगळे लोक पायांकडे पाहू लागले. टाकीतल्या पाण्यावर वर्तुळं उठली. बायांच्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या. पंजाबरावांनी बेंजो खाली ठेवला, ते उभे राहिले आणि त्यांनी स्टेशनच्या दिशेने पाहिलं. "या टायमाले कोनती मालगाडी?"

"गाडी नाही, पंजाबदादा!" देवमन ओरडला. "मी आहे!"

पंजाबराव खाली बसले. त्यांनी एकदा कोठीकडे, एकदा देवमनकडे पाहिलं, आणि पुन्हा गाणं उचललं. या वेळी जरा जोरात, कारण पाठीशी मालगाडी होती. सा, प, प, सा. लोकांनी ठेका धरला. दोन कडवी बेस गेली. मग देवमनच्या लक्षात आलं की कोठी चालते आहे. प्रत्येक सुराबरोबर ती एकेक बोट मंचाच्या कडेकडे सरकत होती. मोठीमायची कोठी! त्याने वाजवणं थांबवून झेप घेतली आणि एका हाताने ती धरली.

आणि गाण्याचं जमिनीवरचं पाऊलच सुटलं. तेच दहा गळे, तोच बेंजो, तीच ढोलकी. पण सगळं एकदम वाळत घातलेल्या कपड्यासारखं वाऱ्यावर हलू लागलं.

"मास्तर, बंद कायले केलं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"ते जाड वाजवा ना!"

"पोटात वाजून राह्यलं होतं, ते!"

"ओ बेस गिटार!" हा मात्र सरपंच उदयसिंग होता, अधिकृत नावाने हाक मारणारा.

देवमन एका हाताने कोठी धरून दुसऱ्या हाताने तिच्याखाली घालायला अडणा शोधत होता. मोहनसिंगने गिटारीच्या पेटीबरोबर घरून आलेली जाड वस्तू त्याच्याकडे फेकली. चारशे बारा पानं, चिकणा कागद, थिअरीसह. ती कोठीखाली अशी फिट्ट बसली, जणू दुकानदाराने मापच घेतलं होतं. गुडघाभर पाण्यातला गोरा माणूस कोठीखालून हसत राहिला, आणि देवमनने पुन्हा सा सोडला.

त्यानंतर कोठी हलली नाही. तेरा गाणी झाली. उकंडराव पाचव्या गाण्यापर्यंत गिरमिटाने मांडीवर ठेका धरत होते. आठव्याला त्यांनी ते शेजाऱ्याकडे दिलं, कारण टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागत होते. कारंज्याहून आलेले दोन पाहुणे मंचाजवळ येऊन तारा मोजून गेले. पार्टीच्या पहिल्या रांगेतली तिसरी जागा रिकामी होती. आणि देवमनचं तोंड सोळा वर्षांत पहिल्यांदा गाणं चालू असताना मिटलेलं होतं.

गाणी संपल्यावर लोक पांगले. चंपाबाई कोठीपाशी आली. तिने आधी कोठीला चारी बाजूंनी हात फिरवून पोचा पडला नाही ना ते पाहिलं. मग तो तळहात तिने तसाच आपल्या छातीवर ठेवला, जिथे अजून काहीतरी घुमत असावं, आणि देवमनकडे न पाहता म्हणाली,

"बेस."

आता या शब्दाचे देवमनला तीन अर्थ ठाऊक होते, मासा धरला तर साडेतीन. शास्त्राच्या माणसाने अशा वेळी कोणता ते विचारून घ्यायला पाहिजे. त्याने विचारलं नाही.